चौथं भांडं बद्द वाजतंय

८ जानेवारी, गुरुवार. कंपनीच्या सुट्टीचा वार. दोन पाट्या मटार सोलायचे होते, त्यातली एक झाली. दुसरी सासूबाईंच्या ताब्यात देऊन लिहायला बसले आहे. उद्या सकाळी काय होईल ते आज मला ठाऊक नाही, आणि निकाल लागल्यावर लिहायला बसलं की माणूस आपल्या सोयीचं लिहितं.

उद्या पहिल्या शिफ्टला माझी चाचणी आहे.

चाकणच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं कास्टिंग तपासते. ओतीव लोखंडाचा तुकडा डाव्या हाताच्या बोटावर लोंबता धरायचा, उजव्या हातातल्या छोट्या हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजला तर हिरवा क्रेट, बद्द वाजला तर लाल. बद्द म्हणजे आत चीर आहे. बाजारात माठ घेताना बाई टिचकी मारून बघते तेच हे काम. यंत्रंही आहेत, पण ती नमुन्यादाखल एखादा तुकडा बघतात. प्रत्येक तुकडा ऐकायला माणूसच लागतं.

गेल्या जुलैत माझा उजवा कान गेला. उद्या आमचे क्वालिटी मॅनेजर पाटील साहेब एका ट्रेमध्ये चांगले आणि चिरलेले तुकडे मिसळून माझ्यापुढे ठेवणार आहेत. जमलं तर माझी जागा माझी. नाही जमलं तर पॅकिंगला बदली. पॅकिंग काही वाईट काम नाही. ते माझं काम नाही, एवढंच.

मधल्या सहा महिन्यांत इंजेक्शनं झाली, फुलांचे थेंब झाले, काशाची भांडी वाजवून झाली. आजारी असताना मी मोबाइलवर खूप वाचलं. अर्ध्या लोकांनी घाबरवलं, उरलेल्यांनी चमत्कार सांगितले. या दोन्हींच्या मधलं कुणीतरी लिहायला हवं.

नऊ दिवस

सुरुवात फोनपासून झाली. सकाळी मुलीचा फोन आला, मी नेहमीसारखा उजव्या कानाला लावला, हॅलो हॅलो करून ठेवून दिला. फोन बिघडला असं वाटलं. तिनं पुन्हा केला, तो योगायोगानं डाव्या कानाला लावला आणि ती स्वच्छ बोलत होती. उजव्या कानात फक्त शिट्टी. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो बारीक सूं सूं आवाज येतो ना, तसा. फरक एवढाच की याची शिट्टी होऊन संपत नव्हती.

आता इथे आमची चूक सांगते, कारण ती आमच्याच भागातली माणसं करतील. आमच्या कुरुळी गावात घरटी एक माणूस कंपनीत. प्रेस शॉपमध्ये पाच-सात वर्षं काढली की कान वाजायला लागतात, घरचा टीव्ही मोठा होतो. त्याला आमच्याकडे ‘कंपनीचा कान’ म्हणतात. पाठदुखीसारखी नोकरीबरोबर येणारी गोष्ट. त्यासाठी कुणी रजा टाकत नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही.

लाइनवरच्या शोभाला सांगितलं, तर ती हसत म्हणाली, “बसली का कंपनी कानात? मंगलताई, आता तुम्ही खऱ्या जुन्या झाल्या!”

मीही हसले. घरी सासूबाईंनी लसणाचं कोमट तेल घातलं. त्या स्वतः दहा वर्षांपासून कमी ऐकतात, त्यामुळे घरातला कानांचा विभाग त्यांच्याकडे. “वारं भरलंय. चार दिवस तेल घाल, बोळा ठिव, मोकळा व्हईल.”

एका कानावर मी नऊ दिवस ड्युटी केली. दहाव्या दिवशी पलंगावरून उठले तर घर माझ्याभोवती फिरलं. ओकारी झाली. नवऱ्यानं रिक्षा बोलावली.

काचेची खोली

चिंचवडच्या हॉस्पिटलात एका बंद खोलीत बसवलं. भिंतींना गाद्या, समोर काच, काचेपलीकडे एक तरुण मुलगी. माझ्या कानांवर हेडफोन, हातात बटण.

“आवाज आला की दाबायचं, काकू. कितीही बारीक आला तरी.”

सोपं होतं. सतरा वर्षं दुसरं काय करते मी? डावा कान झाला. मग उजवा. मी दाबलं. परत दाबलं. चटचट दाबत होते, मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरले. मुलगी उठून आत आली, उजवा हेडफोन उचलला आणि हळूच म्हणाली, “काकू, मी अजून आवाज दिलाच नाहीये.”

स्वतःच्या कानातल्या शिट्टीला मी पास करत बसले होते.

डॉक्टरांनी नंतर आलेख दाखवून समजावलं, पण मला माझा आजार कळला तो त्या वाक्यानं. डॉक्टरांनी विचारलं, “किती दिवस झाले?” “नऊ.” त्यांनी पेन खाली ठेवलं. असा कान अचानक गेला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत यायचं असतं, जितका उशीर तितकी आशा कमी, असं ते म्हणाले. कारण विचारलं, तर बहुतेक वेळा सापडत नाही म्हणाले. कंपनीच्या आवाजानं झालं का? तेही खात्रीनं सांगता येणार नाही. म्हणून मीही इथे कुणावर बिल फाडत नाही. कान कशानं गेला ते माहीत नाही, पण ते नऊ दिवस आमचे होते.

बाहेर आल्यावर नवरा सुरू झाला, “तरी मी म्हणत हुतो—”

“तुम्ही काही म्हणत नव्हता,” मी म्हटलं. “तुम्ही लसूण सोलून देत होता.”

कान वाजायला लागला, बंद झाला, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. हे लिखाण इथेच बाजूला ठेवलंत तरी चालेल, पण एवढं करा.

गिळायचं नाही

पाच दिवस ॲडमिट होते. स्टिरॉइडच्या औषधानं साखर वाढते, म्हणून दिवसातून चार वेळा बोट टोचायचे. भूक अशी लागायची की शेजारच्या बाईचा डबा आला की मी खिडकीकडे बघायचे. आणि राग. सिस्टरनं उशी सरळ केली तरी राग. तो औषधाचा राग असतो हे मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नवऱ्याला जे ऐकावं लागलं त्यातलं निम्मं वाचलं असतं.

इंजेक्शन कानाच्या पडद्यातून थेट आत. सुईची भीती वाटली, पण खरा त्रास नंतरचा. अर्धा तास कूस न बदलता पडून राहायचं, बोलायचं नाही आणि गिळायचंही नाही. गिळायचं नाही म्हटलं की तोंडात किती लाळ येते ते करून बघा. मी मनात पार्ट नंबर म्हणत पडायचे. सतरा वर्षांत पाठ झालेले सगळे.

वॉर्डात साफसफाईला एक मावशी होत्या. सगळे लोक माझ्या उजवीकडून येऊन बोलायचे आणि मी दचकायचे. या मावशी आधी माझ्या पायाला हात लावायच्या, मी बघितलं की मगच बोलायच्या. त्यांना हे कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. त्यांना विचारायचं राहून गेलं.

सुटताना पुन्हा काचेची खोली. बारीक आवाजांपैकी दोन-तीन परत आले होते, बाकी नाही. डॉक्टर म्हणाले, “याहून फार सुधारेल असं वाटत नाही. शिट्टीची सवय होईल. डावा कान जपा.”

सगळं डावीकडून

एक कान गेला की निम्मं ऐकू येतं, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. खरी गोष्ट अशी की आवाज कुठून येतो ते कळत नाही. हाक, भांडं, कुत्रं, सगळं डावीकडूनच येतं.

घरी आल्यावर आठवड्यानं नवऱ्याबरोबर चाकणला गेले. चौकात रस्ता ओलांडताना हॉर्न वाजला. मी डावीकडे बघितलं, काही नव्हतं, पाऊल टाकलं. कंटेनर उजवीकडून आला. नवऱ्यानं दंडाला धरून मागे ओढलं ते इतक्या जोरात की चार दिवस बोटं उमटलेली होती. ड्रायव्हरनं खिडकीतून आईवरून शिवी दिली. तीही मला डावीकडूनच ऐकू आली.

त्यानंतर मी घराबाहेर पडले नाही. तीन आठवडे. आधी रस्त्याची भीती, मग गेटची, मग दाराची घंटा वाजली तरी छातीत धडधड. घर शांत झालं की शिट्टी वाढायची, म्हणून पंखा, मिक्सर, टीव्ही, काहीतरी चालू. सगळं चालू असलं की माणसांचं बोलणं कळेना. कुणी काही विचारलं तर मी मान डोलवायचे. एकदा सासूबाईंनी ते पकडलं.

“मी काय म्हनले आत्ता?”

“चहा टाकायला सांगितलात, आत्याबाई.”

“न्हाई. म्हनले, म्हस मेली. आन् तू मान डोलावली.” आमच्याकडे म्हैस नाही. “ऐकू आलं न्हाई तर मान डोलवायची न्हाई, मंगल. इचारायचं. धा येळा इचारायचं. लाज त्याला वाटंल ज्याला धा येळा सांगाया लागंल.”

आजारपणात मला पुष्कळ सल्ले मिळाले. कामाला आला तो हा.

याच दिवसांत पाटील साहेबांचा फोन आला. आवाजात साखर. “मॅडम, तुमची जागा सध्या शोभा बघतेय. तुम्ही या, पॅकिंगला आरामात बसा.” मी विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. आराम हा शब्द एखाद्याच्या तोंडातून काढून घेता येत असता तर घेतला असता. पण खरं सांगते, त्या दिवशी मी घाबरलेली होते आणि त्यांचं बरोबर आहे असंच मला वाटत होतं.

फुलं आणि भांडी

माझी मुलगी प्राजक्ता तळवड्याला आयटीत आहे, राहते ताथवड्याला. तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी वैशालीताई नावाच्या बाई ध्वनी आणि फुलांच्या मदतीनं मन शांत करण्याचा वर्ग घेतात. प्राजक्तानं आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औषधं आणि तपासण्या चालू ठेवून खुशाल करा, फक्त कानाजवळ मोठा आवाज नको. मग तिनं मला विचारलं.

तिचे वडील ऐकत होते. “भांडी वाजवून ऐकायची? त्याला ताथवड्याला कशाला जायला पायजे? घरात भांड्याला भांडं लागतंय की रोज.”

“पप्पा, तुम्ही गप्प बसा.”

सासूबाई म्हणाल्या, “फुलाचं पानी पिऊन कान बरा व्हतो व्हय? मी इतकी वर्सं देवाचं पानी पिते.”

“आजी, कानासाठी नाही. भीतीसाठी.”

माझी भीती घरात सगळ्यांना दिसत होती, तोवर कुणी नाव घेतलं नव्हतं. मी जाते म्हटलं. फुलांवर विश्वास होता म्हणून नाही. घराबाहेर पडायला दुसरं निमित्त नव्हतं.

हॉलमध्ये सात बायका आणि एक निवृत्त गृहस्थ, जे पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. चटया, मध्ये गुलाबाच्या पाकळ्या, पुढे ओळीनं सात काशाची भांडी. वैशालीताईंचा आवाज इतका मऊ की मला ओठच दिसत होते. मी हात वर केला. “ताई, मोठ्यानं बोला, मला एकच कान आहे.” त्या शांततेत हे फारच मोठं वाटलं. पण त्यांनी उठून जागा बदलली आणि मोठ्यानं बोलायला लागल्या.

आडवं पडायचं, डोळे मिटायचे. लाकडी दांड्यानं भांडं हलकेच ठोकलं की त्याचा आवाज बराच वेळ रेंगाळतो. मला तो कानापेक्षा पाठीत जास्त लागला, जमिनीतून. मग दाढांमध्ये. आणि काही वेळानं माझ्या लक्षात आलं की शिट्टी कुठे आहे ते मला शोधावं लागतंय. ती गेली नव्हती. तिच्यावर दुसरं काहीतरी अंथरलं होतं. जुलैपासून खांदे कानाला लागले होते ते खाली आले. रडले बिडले नाही. झोप लागली.

जाताना वैशालीताईंनी एक छोटी बाटली दिली, भीतीवरचे फुलांचे थेंब, दिवसातून चारदा चार. आणि म्हणाल्या, “मंगलताई, एक विचारू? तुमच्या आयुष्यात असं काय आहे जे तुम्हाला ऐकायचं नाहीये? कधी कधी शरीर स्वतःच दार बंद करतं.”

मी चप्पल घालत होते. ती परत काढली.

“ताई, माझा कान आजारानं गेला. मी बंद केला नाही. नऊ दिवस उशीर केला, तेवढी माझी चूक मला पुरते. फुलं द्या, आवाज द्या, घेते. पण झालेल्या आजाराचा दोष माझ्या पदरात घालू नका. उद्या कॅन्सर झालेली बाई येईल, तिलाही हेच विचाराल का?”

प्राजक्ता माझी बाही ओढत होती. बाकीच्या बायका चटया गुंडाळत होत्या, पण गुंडाळणं थांबलं होतं.

वैशालीताई लाल झाल्या. मग म्हणाल्या, “शिकवताना आम्हाला हे असंच शिकवलं. मी कधी उलटून विचार केला नाही.” मग चटई उचलत विचारलं, “पुढच्या शनिवारी याल ना?”

वाद घातला तरी त्या रागावल्या नाहीत. म्हणून पुढच्या शनिवारी गेले.

मुलीनं गाडी घराशी आणून थांबवली. शेवटी म्हणाली, “मम्मी, तू जरा हळू बोलू शकली असतीस.”

“एका कानानं आवाजाचा अंदाज येत नाही,” मी म्हटलं. तो खोटेपणा होता. अंदाज चांगला होता.

थेंबांची चेक शीट

तपासणीत सतरा वर्षं घालवलेल्या बाईला बाटली दिली की ती तक्ता बनवणारच. भिंतीवर कागद लावला. एक आठवडा थेंब घेऊन, एक आठवडा न घेता, असं दोनदा. रोजची झोप, धडधड, गेटबाहेर किती पावलं. चार आठवड्यांनी कागद वैशालीताईंना दाखवला. थेंबांच्या आठवड्यात आणि बिनथेंबांच्या आठवड्यात मला काही फरक दिसला नाही. शनिवार आणि त्यानंतरचे दोन दिवस मात्र दर वेळी बरे. आणि सकाळी शेवंती खुडली तो दिवस बरा.

शेवंतीचं सांगायचं राहिलं. घरामागे चार गुंठे जमीन उरली आहे, त्यात सासूबाई शेवंती लावतात. वैशालीताईंनी घरी करायला दिलं होतं, एक फूल समोर ठेवून पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. मला ते जमेना. रिकामे हात घेऊन फुलाकडे बघायचं म्हणजे फुलालाही अवघडल्यासारखं होत असेल. म्हणून मी सरळ खुडायला गेले. गार सकाळ, दव, बोटांना तो कडवट वास. तिथे आवाज डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय, शेवंती अंगावर येत नाही. तीन आठवडे जे गेट मला एकटीला ओलांडता येत नव्हतं ते मी पाटी घेऊन मागच्या बाजूनं ओलांडलं होतं, हे मला चौथ्या दिवशी कळलं.

वैशालीताईंनी कागद नीट वाचला. “म्हणजे थेंब बंद करूया?”

“मला नकोत. दुसऱ्या कुणाला बरं वाटत असेल तर घेऊ दे. फक्त डॉक्टरच्या गोळीच्या जागी नको.”

“ते मी पहिल्या दिवशीच सांगते सगळ्यांना.” हेही खरं होतं. सांगत होत्या.

त्या शनिवारपासून मी वर्गाला शेवंती नेऊ लागले. तिथल्या शीतगृहातून आणलेल्या गुलाबांना वास नव्हता. शेवंती मध्ये ठेवल्यावर ते घोरणारे गृहस्थ पहिल्यांदा जागे राहिले, म्हणाले, “आमच्या सणसरच्या घरी होती ही.” मग बराच वेळ त्यांनी फूल हातातून सोडलं नाही.

चौथं भांडं

नोव्हेंबरच्या शेवटी. आडवी पडले होते, डोळे मिटलेले, तळहात जमिनीवर. पहिलं भांडं, दुसरं, तिसरं. चौथं वाजलं आणि मी उठून बसले.

“ताई, चौथं परत वाजवा.”

त्यांनी वाजवलं.

“बद्द वाजतंय. चिरलंय.”

“नाही हो, त्याचा सूर खालचा आहे. खोल असतो तो.”

“खोल वेगळा आणि बद्द वेगळा. खोल आवाज लांब जातो. हा हातातच मरतो.”

एक बाई कुजबुजली ते मला ऐकू आलं नाही, पण चेहरा वाचता आला: हिचा तर एक कान गेलाय. वैशालीताईंनी भांडं उलटं सुलटं करून बघितलं, खिडकीशी नेलं. काही दिसेना. मी म्हटलं, काठोकाठ पाणी भरा, वर्तमानपत्रावर ठेवा आणि चहा घेऊन या.

चहा झाला. भांडं उचललं तर कागदावर ओला डाग. फार मोठा नाही, रुपयाएवढा.

“चार महिने हेच वाजवतेय मी,” वैशालीताई म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटलं. मीही हसले. जुलैपासून मी धरून चालले होते की माझं ऐकणं गेलं. गेला होता एक कान. बद्द ओळखणं फक्त कानांत नव्हतंच, ते बोटांतही होतं, दाढांतही होतं, सतरा वर्षांत कुठे कुठे जाऊन बसलं होतं.

सोमवारी पाटील साहेबांना फोन लावला. डाव्या कानाला.

“साहेब, पॅकिंग नको. माझी चाचणी घ्या.”

“मॅडम, कस्टमरचा माल आहे, रिस्क—”

“म्हणूनच चाचणी घ्या म्हणते. दया करून घेऊ नका आणि दया करून काढूही नका.”

डॉक्टरांचं पत्र आणायला महिना गेला. तपासणीचं टेबल वेगळ्या केबिनमध्येच राहील, प्रेस शॉपमधून जाता-येता कानांवर मफ लावायचा, दर तीन महिन्यांनी काचेची खोली, या अटींवर त्यांनी सही केली.

फुलांनी कान बरा झाला नाही. भांड्यांनीही नाही. बरा होणार नाहीच. कुणी होईल म्हणालं तर त्याच्याकडून उठून या. मला तिथे मिळालं ते एवढंच की दर शनिवारी एक तास भीती खाली बसायची, आणि ती खाली बसली की मला मी दिसायचे. हे लहान वाटेल. आजारपणात लहान नसतं.

सासूबाईंचे मटार सोलून झाले. “निस्ती लिव्हत बसलीया,” म्हणतात. “उद्या जायचंय का न्हाई?”

जायचंय.

९ जानेवारी

गेले. मफ लावून प्रेस शॉप ओलांडलं. केबिनमध्ये ट्रे तयार होता, तीस तुकडे. पाटील साहेबांच्या खिशात यादी. दारात शोभा आणि दोघं-तिघं. माझी शिट्टी नेहमीसारखी चालू. तिला चालू दे म्हटलं.

पहिला बोटावर घेतला, ठोकला. हिरवा. दुसरा हिरवा. पाचवा बोटातच मेला. लाल. मी घाई केली नाही. अकरावा दोनदा वाजवला आणि लालमध्ये टाकला. एकविसाव्याच्या वेळी भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर सुरू झाला, त्यातच मी दोन-तीन तुकडे काढले. तीस झाले.

पाटील साहेबांनी यादी काढली. “एक सुटला, मॅडम. बाविसावा. आणि हा अकरावा ओके आहे, तुम्ही लाल केलाय.”

“तो ओके नाही.”

“मी स्वतः निवडलाय.”

“मग स्वतः डाय मारा.”

त्यांनी लाल रंग मारला, पुसला, वरून पांढरा फवारा मारला. चीर असेल तर आत शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. दहा मिनिटं थांबावं लागतं. सहाव्या मिनिटाला कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ आली.

शोभा दारातून म्हणाली, “अगं बाई!”

“बरं,” पाटील साहेब म्हणाले. “पण बाविसावा सुटलाच की.”

“सुटला. कॉम्प्रेसरमध्ये सुटला. माझा चांगला कान त्या भिंतीला लागून आहे.”

मी स्टूल उचललं, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवलं आणि बसले. आता कॉम्प्रेसरच्या भिंतीला उजवा कान होता. शिट्टी होती, कॉम्प्रेसर जवळजवळ नव्हता. बंद कानाची असली भिंत दोन कानांच्या माणसाला मिळत नाही.

“मॅडम, मी अजून काही ठरवलेलं नाही,” पाटील साहेब म्हणाले.

“तुम्ही ठरवा, साहेब. तोवर ट्रे परत मिसळा.”

मग बाह्या सारून त्यांनी स्वतः ट्रे मिसळला. मी हातोडी घेतली, पहिला तुकडा बोटावर टांगला आणि ठोकला.